सुनंदाला सोडता येणार नाही असे घर

मी, भिकुबाई सुकदेव पाटील, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकणे, राहणार चोपडा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र तोंडाने सांगते आणि लीलाधर वकील लिहून घेतात. मला अक्षर येत नाही, पण अक्कल शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी तपासून दिला. कोणाचे दडपण नाही. थकवा आहे, तो दाखल्यात आला नाही.

माझे मालक काही न लिहिता गेले. त्यांच्या मागे वारस लावायला तलाठी आणि कोर्ट असे हेलपाटे घालून माझे गुडघे गेले. माझ्या मागे कोणाचे जाऊ नयेत.

१. मिळकत म्हणजे राहते घर, ओट्यासह. ते मी बिबड्यांच्या कमाईवर माझ्या नावे घेतले. त्यात वाडवडिलांचे काही नाही. मुलगा मोतीलाल भुसावळला रेल्वेत आहे, त्याला क्वार्टर आहे, मालकांची शेतीही त्याच्याच नावे चढली. मुलगी सुनंदाबाई हिला नवऱ्याने टाकले, तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. माझ्या मागे तिला या घरातून कोणी उठवू नये, एवढ्यासाठी हा कागद.

२. आमच्याकडे रीत अशी की आईबापाच्या तेराव्याला बहिणी जमतात, जेवणे होतात, आणि मग भाऊ त्यांना कचेरीत नेऊन हक्कसोड करून घेतो. वर साडी नेसवतो. मी माझ्या भावाला अंगठा दिला. सून सुमनबाई मॅट्रिक पास, तिनेही माहेरी शिरपूरला सही दिली. दोघींना साडी मिळाली. तिची जरा बरी होती.

३. आधी मी घर सरळ सुनंदाला दिले होते, वकिलांनी तसे लिहिलेही. तेवढ्यात चहा घेऊन आलेली सुनंदा म्हणाली, "माय, भाऊ मांगी तर मी सही करी देसू. नही तर मनं माहेर तुटी जाई."

"येडी, मी मरी गयावर तुनं माहेर आठेच शे, याच घरमा."

ती रडली, पण ऐकले नाही. वकील म्हणतात, रडणे मृत्युपत्रात नको. राहू द्या, पुढचे कलम त्यातूनच निघाले.

४. मी वकिलांना विचारले, "जे तिचं नाही, ते ती सोडेल कसं?" त्यांनी पेन खाली ठेवले. "अक्का, मग मालकीच देऊ नका." म्हणून सुनंदाला या घरात हयातभर राहण्याचा, ओट्यावर बिबड्या वाळत घालण्याचा आणि भाडेकरू ठेवण्याचा हक्क राहील. घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा किंवा भावाच्या लाभात हक्क सोडण्याचा अधिकार तिला नाही. तशी सही कोणी घेतली तरी ती रद्द समजावी. तिच्या पश्चात घर मोतीलालची मुलगी उज्ज्वला हिच्या पूर्ण मालकीचे.

५. व्यवस्थापक म्हणून सून सुमनबाई हिला नेमते. वकील म्हणाले, पुरुष माणूस बरा. मोतीलाल साहेबाला भीत नाही, बायकोला भितो. शिवाय घर शेवटी तिच्याच लेकीचे, ती डोळा लागू देणार नाही. मुंबईसारखे इकडे प्रोबेट सक्तीचे नाही, असे वकील सांगतात; पण मोतीलालने हरकत घेतलीच तर सुमनबाईने जिल्हा न्यायालयातून प्रोबेट आणावे. नगरपालिकेतली नोंदही तिनेच करून घ्यावी. वकिलांनी तिला मदत करावी, सोप्या भाषेत सांगावे, इंग्रजीत खाकरू नये.

६. पातेली, खाटा, बिबड्या घालायची धोतरे सुनंदाची. मोतीलालला माझा आशीर्वाद. पोरगा वाईट नाही. रीत वाईट आहे, आणि तिच्या पदराआड लपायला त्याला आवडते.

वकिलांनी हे सगळे मला वाचून दाखवले. सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "माय, आते भाऊले मी नही कसं म्हनू?"

"तू नको म्हनू. सांग, मायनी मना हातमा काहीच ठेवं नही."

तेव्हा सगळा दोष तिने मेलेलीवर घालावा, भावाकडे राखीला जावे, आणि परत याच घरी यावे. हे शेवटचे सांगणे. आता बोलवत नाही.

मुक्काम चोपडा, दिनांक ११ फेब्रुवारी १९९१

भिकुबाई सुकदेव पाटील
(डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर अंगठा केला, त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या:
१. नूर महंमद शेख करीम, कल्हईवाले, शेजारी
२. वना चिंधा महाजन, किराणा दुकानदार

सांगितल्याबरहुकूम लिहिले: लीलाधर वकील. अंगठ्याआधी खोडायला सांगितलेले काही नाही. मी विचारले होते.