समुद्राकडच्या खिडकीतला माझा खिळा

लिहून ठेवणारा मी, तीन भावंडांतला धाकटा, वय चोवीस, शिक्षण चौथी (पाचवीचं पुस्तक आणलं होतं, उघडलं नाही), काम कोल्ड स्टोरेजमध्ये लाकडी पेट्या ठोकण्याचं आणि उघडण्याचं. माझं डोकं ठिकाणावर आहे. दादाला हे पटणार नाही, म्हणून इथल्या कारकूनकाकांकडून तसं वेगळं लिहून घेतलंय आणि सोबत जोडलंय. कुणी हात धरून लिहवून घेत नाही. ज्याच्यासाठी लिहितोय त्याला हातच नाहीत.

येत्या सोमवारी सकाळी मी होडी घेऊन खोल समुद्रात जाणार आहे. परत येईन असं वाटतं, खात्री नाही. म्हणून ही व्यवस्था.

कलम एक. बँकेत असेल ते ताईचं. ताईने आकडा बघून हसू नये. जाड कोट कंपनीचा आहे, तो परत करावा.

कलम दोन. घरातला माझा हिस्सा दादाला. पाच वर्षांत मी सात कामं बदलली, तेवढ्यात त्याने एकट्याने दोनदा छप्पर शाकारलं. घर त्याचंच आहे.

कलम तीन. राग. हा वडिलोपार्जित आहे. मी कारकूनकाकांना विचारलं, "सगळाच सोडला असं लिहू का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे शहाण्या, तिघांचं आहे ते. तुझ्यापुरतं लिही." तर माझ्यापुरतं लिहितो. आधी हकीकत सांगतो, कारण ताईची पोरं हे वाचतील तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलेलं नसेल.

वरच्यांनी सात जादूगार खाली पाठवले, एकेकाला एकेक काम देऊन. आपल्या किनाऱ्यावरच्याकडे वारा होता. वारा राखायचा, हुकमात ठेवायचा नाही, एवढंच त्याला बजावलं होतं. त्याला वाटलं, वारा आपल्या शब्दावर चालला तर वादळंच होणार नाहीत. त्याने वारा मुठीत धरला. तीन दिवस पान हललं नाही. चौथ्या दिवशी मूठ सुटली आणि अकरा होड्या गेल्या. एकीत आपले आजोबा होते. बाबा तेव्हा लहान होते.

जादूगार मेला की वारा त्याचा आत्मा उचलून समुद्रापलीकडे त्यांच्या घरी नेतो. हा बऱ्याच वर्षांनी मेला, तेव्हा वाऱ्याने पाठ फिरवली. आणि अकरा घरांनी समुद्राकडची खिडकी खिळे मारून बंद केली, कारण एक जरी खिडकी बंद असली तरी वारा त्याला उचलत नाही. पुढे दहा घरांनी आपापली खिडकी उघडली. आपली राहिली. बाबांनी तिला तीन खिळे मारले, आम्हा तिघांच्या हाती हातोडी देऊन. मी चार वर्षांचा होतो. माझा खिळा वाकडा आहे.

तो जादूगार मला इथे भेटला, कोल्ड स्टोरेजच्या तीन नंबरच्या खोलीत. उघड्यावर वारा त्याला फाडतो. फाटला तरी मरत नाही, चिंध्या होऊन फटीफटीत कण्हत राहतो. म्हणून वारा नसलेली जागा शोधत आलेला. मी पेट्या रचत होतो, तर कोपऱ्यातलं धुकं बोललं, "बाहेर वारा आहे का?"

मला वाटलं, गॅस गळतोय आणि डोक्यात गेलाय. तरी म्हणालो, "आहे."

"माझ्यासाठी?"

कोण ते कळल्यावर मी त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिव्या दिल्या. माझ्या संपल्या, मग दादाच्या वापरल्या.  शेवटी तो म्हणाला, "तपकिरी शीड, डावीकडे ठिगळ. तो शेवटपर्यंत शिट्टी वाजवत होता. दोन लांब, एक तोकडी."

दादा, ही शिट्टी तुला माहीत आहे. आजोबा बाबांना जेवायला बोलवायचे ती. पुढे बाबांनी तीच आपल्याला वाजवली. बाहेरच्याला ती कळायचं कारण नाही. मी विचारलं, "घाबरले होते का?" आजी मरेपर्यंत हेच विचारायची. तो म्हणाला, "घाबरला होता. तरी वाजवत होता." खोटंच बोलायचं असतं तर नाही म्हणाला असता.

तेव्हापासून रोज दार उघडलं की तो तेच विचारतो, आणि मी सांगतो, अजून नाही.

दादा, मी घर सोडलं तेव्हा तू दारात म्हणालास, "जा. तुझ्या पायाला भिंगरी आहे. त्या म्हाताऱ्या जादूगारासारखाच कुठेच पोहोचणार नाहीस." फार लागलं होतं ते. पण कुठेच न पोहोचणं काय असतं ते आता मी रोज आठ तास बघतो. शत्रूलाही नको. म्हणून माझ्यापुरता राग सोडला.

या महिन्याअखेर कोल्ड स्टोरेज बंद होतंय. मशीन थांबणार, दारं उघडी पडणार. म्हणून सोमवारी त्याला थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात घालून नेतो. तो कुरकुरला, "मी जादूगार, आणि मासळीच्या पेटीत?" मी म्हणालो, "मग चालत चल." खोलवर जाऊन झाकण काढणार. वारा त्याला उचलेल, नाहीतर होडीसकट आपटेल. होडी भाड्याची आहे, दुसऱ्या कुणाला सोबत नेत नाही.

कलम चार. माझा खिळा ताईने रविवारच्या आत काढावा. स्वतःचाही काढते असं ती फोनवर म्हणाली आहे. दादा माझा फोन घेत नाही. मग मधला राहील, दादाचा, सगळ्यात खोल गेलेला; त्या एकट्यावरही खिडकी बंदच राहते. बाबा त्याच खिडकीखाली गेले, दादाच्या मांडीवर डोकं ठेवून. पंधरा वर्षांचा होता तो. बाबांना पोहोचवून आला आणि त्या खिळ्यावर त्याने आणखी एक घाव घातला. मी दारामागून पाहिलं होतं. तो राग त्याचा आहे. त्यावर माझा हक्क नाही, आणि माझ्या होडीचा धाक घालून मला तो मागायचाही नाही.

कलम पाच. हत्यारं. हातोडी आणि करवत माझ्या जागी जो येईल त्याला. कोणी येणार नसेल तर कारकूनकाकांना, त्यांच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. खिळे काढायची पकड दादाला. चांगली आहे, डोकं तुटलेला, गंजलेला खिळासुद्धा अलगद ओढते. ती या कागदासोबतच पाठवतो. मेल्याशिवाय वस्तू देत नसतात असं काका म्हणाले, मी दिली. अट काही नाही. पेटीला वापर, दाराला वापर, नाहीतर फळीवर ठेवून दे.

मी परत आलो तर हा कागद रद्द, कलम चार सोडून. माझा खिळा परत ठोकायचा नाही.

लिहून देणार: सही (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार पहिले: कारकूनकाका, सही. म्हणाले, "वाचलं सगळं. पडसं झालंय म्हणून डोळे पुसतोय."

साक्षीदार दुसरा: तीन नंबरच्या खोलीतला. पेन धरता येत नाही, म्हणून कागदावर श्वास सोडला. खाली शाई पसरली आहे ती त्याची सही समजावी.

ठिकाण: तीन नंबरची खोली, दार बंद.
दिनांक: अठरा, बुधवार.
वारा: अजून नाही.