गोधडीचा घास

मानक नगर, लखनऊ
२३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अरुणाआत्यास,
देविकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देते, म्हणून पत्रच हवं, हा तुझा नियम मला मान्य आहे. तर पान भरते.

आमच्या रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये दर शनिवारी जपानी कलांचा वर्ग चालतो. मोरिताबाई नावाच्या साठीच्या शिक्षिका एका सांस्कृतिक संस्थेतर्फे लखनऊत आल्या आहेत. रेल्वेच्या चाकांच्या प्रशिक्षणासाठी मी जपानला होते तेव्हा भाषा शिकले, त्यामुळे दुभाषी म्हणून माझं नाव लागलं. मला कुणी विचारलं नाही. महिला समितीच्या सचिव शिवांगी मॅडम कुणालाच काही विचारत नाहीत.

पहिले वर्ग कागदाच्या घड्यांचे झाले. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे पंढरीनाथकाका सगळ्यांच्या पुढे निघाले. नोकरीभर त्यांनी डब्यांची ड्रॉइंग्ज तपासली, त्यामुळे त्यांची घडी रेषेवरच पडते. मग चौकोनी रुमालात वस्तू बांधायची कला झाली. काकांनी बाजारातून रुमालात पपई बांधून आणली. भाजीवाल्या भैयाने ती गाठ सोडवून पुन्हा बांधून पाहिली म्हणे.

आता साशिको सुरू आहे. निळ्या कापडावर पांढरा धावदोरा, बाकी काही नाही. ते पाहून मी वर्गात एक वाक्य बोलले, ते तुला न विचारता बोलायला नको होतं. समारोप ८ फेब्रुवारीला आहे आणि त्या दिवशी आपल्या लोकांनीही आपली शिवणकला मोरिताबाईंना दाखवायची आहे. शिवांगी मॅडमनी लखनऊच्या चिकनकारी भरतकामाचं नाव घेतलं. चिकनचे कुर्ते प्रत्येकीकडे आहेत, टाका मात्र एकीलाही येत नाही. तेव्हा मी म्हणाले की माझी आत्या गोधड्या शिवते, ती येईल.

तुझ्या उजव्या हाताला कंप आहे आणि वर्षभर तू सुई धरलेली नाहीस, हे मला माहीत आहे. तरी विचारते. येशील का?

लोभ आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
देविका


फलटण
४ डिसेंबर २०२५

चि. देविका हिस,
अरुणाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पानभर लिहिलंस आणि विचारायचं ते शेवटच्या ओळीत! थेट बापावर गेलीस. श्रीपादसुद्धा लहानपणी अख्ख्या शाळेची हकिकत सांगायचा आणि पाटी फुटल्याचं झोपताना.

मी येणार नाही. हे अक्षर बघ, एस.टी.त बसून लिहिल्यासारखं. चंपाषष्ठीला शेजारच्या वसुधाकडे जेवायला गेले, तर आमटीची वाटी हातात हिंदकळली आणि सगळी आमटी तिच्या जावयाच्या पांढऱ्या शर्टावर. जावई बिचारा काही झालं नाही म्हणाला, आणि पंगतीतले सगळे भिंतीकडे बघायला लागले. आमटीचं मला काही वाटलं नाही गं. ती भिंतीकडे बघणारी माणसं सोसत नाहीत. शाळेत शिवण शिकवताना मी मुलींचे वाकडे टाके निर्दयपणे उसवायला लावले. आता माझा वाकडा टाका भर सभेत जपानच्या बाईने बघायचा? नको.

रीत लिहून पाठवते. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या घ्या. एकावर एक पसरून कडेने कच्चे टाके घाला. शिवायला कडेपासून सुरुवात करून आत आत फिरत जा, म्हणजे झोळ मध्ये साठत नाही. दोरा ओढू नका. आणि तू तुझ्या त्या पट्टीला हात लावू नकोस, गोधडी म्हणजे रेल्वेचं चाक नव्हे.

थंडीत कान बांधून जात जा. तिकडच्या जपानी बाईंना माझा नमस्कार सांग. आहे ते प्रेम वाढव.

तुझी,
अरुणाआत्या


मानक नगर, लखनऊ
११ जानेवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गोधडी झाली. अहवाल देते.

पहिली अडचण साड्यांची. जुनी साडी आणा म्हटल्यावर प्रत्येकीने जी नेसायला आवडत नाही ती आणली. शिवांगी मॅडमनी नणंदेने दिलेली सिल्क आणली आणि यार, हिलासुद्धा कापूनच टाका, अशी आज्ञा केली. शेवटी सुती साड्या पंढरीनाथकाकांकडे निघाल्या. गेलेल्या काकूंच्या होत्या. काकांनी कपाट उघडून दिलं आणि पुन्हा वर्गात येऊन कागद दुमडत बसले.

हॉलमधल्या बॅडमिंटनच्या कोर्टावर साड्या पसरल्या. तू नको म्हणालीस तरी मी पट्टी वापरली. पाच मिलिमीटरचा टाका, पाचाचं अंतर. टाके समान आले आणि गोधडी पापडासारखी आकसली. मोरिताबाईंनी दाखवलं की साशिकोत ओळीच्या शेवटी दोरा थोडा सैल सोडतात. तू ‘दोरा ओढू नका’ लिहिलं होतंस तेच हे. मी दोन्ही वाचलं-ऐकलं होतं, तरी अर्धी गोधडी उसवावी लागली. उसवताना बायकांनी माझ्याविषयी जे म्हटलं ते मी मोरिताबाईंसाठी भाषांतरित केलं नाही.

काल संध्याकाळी शेवटचा कोपरा बंद केला. म्हणजे तुला आता यायची तशी गरज उरली नाही.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. लोभ करतेस तसाच कर.

तुझी,
देविका


फलटण
१८ जानेवारी २०२६

चि. देविका हिस आशीर्वाद.

शेवटचा कोपरा बंद केलास? आणि तिला जेवायला काय घातलंस?

अगं, गोधडी बंद करण्याआधी तिला घास भरवायचा असतो! शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, पोळीचा एक तुकडा गुळाबरोबर आत सारायचा, पोट भर गं बाई म्हणायचं आणि मग कोपरा शिवायचा. आपल्या घरात एकही गोधडी उपाशी शिवलेली नाही. उपाशी गोधडीत जो निजेल त्याला रात्रभर भूक लागते. तुझा चुलतभाऊ सुधीर, त्याच्या मुंजीतली गोधडी आचाऱ्यांच्या गडबडीत तशीच राहिली होती, तो अजून रात्री उठून डबे उघडतो. त्याची बायको मला दोष देते आणि तिचं बरोबर आहे.

मी लिहिलं नाही ही चूक माझी. पण भाताची रीत लिहिताना शेगडी पेटवा असं कोण लिहितं? कोपरा उसव. पट्टी घेऊन नको, हाताने.

आणि ‘गरज उरली नाही’ हे असं पुन्हा लिहायचं नाही. कळतं मला.

रागावले आहे, पण माया तेवढीच.

अरुणाआत्या


मानक नगर, लखनऊ
२६ जानेवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोळीचा तुकडा कापडात शिवला तर मुंग्या येतील आणि बुरशी धरेल. हे माझं मत नोंदवून ठेव.

मत वर्गातही सांगितलं. मोरिताबाईंनी सगळं दोनदा समजावून घेतलं आणि त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडे ८ फेब्रुवारीला सुयांचा दिवस असतो. वर्षभरात वाकलेल्या, मोडलेल्या सुया त्या दिवशी मऊ तोफूत टोचून ठेवतात. सुईने वर्षभर जाड कापडातून वाट काढली, शेवटी तिला मऊ जागा मिळावी म्हणून. म्हणूनच त्यांनी समारोपाला ती तारीख धरली होती, हे आम्हाला आता कळलं. तोफू मानक नगरात मिळत नाही. पनीर चलेगा, असं शिवांगी मॅडमनी जाहीर केलं. मोरिताबाईंनी बराच विचार करून विचारलं की मऊ असेल ना. मऊच आणू, आणि सुया काढून नंतर मटर-पनीर करता येईल, असं मॅडम म्हणाल्या. शेवटचा भाग मी भाषांतरित केला नाही.

कोपरा उसवला आहे. हाताने. आता घास कुणी भरवायचा यावर वाद झाला. वयाने पंढरीनाथकाका मोठे. त्यांनी बाळंतपणसुद्धा करीन पण हे माझ्याच्याने होणार नाही म्हणून हात जोडले. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मला तो कोपरा शिवता येतो. मी शिवणार नाही.

आत्या, तुझा टाका सरळ येईल असं मी तुला खोटं सांगत नाही. वाकडाच येईल. मी मोजणार नाही. भिंतीकडेही बघणार नाही. तू ये.

पुण्याहून ४ तारखेची गाडी आहे. बाबा तुला बसवून देतील, मी स्टेशनवर असेन. लोभ मागते आहे, एवढ्या वेळी.

तुझी,
देविका


फलटण
३१ जानेवारी २०२६

चि. देविका,

येते. गूळपोळ्या घरून आणते, गोधडीला तुमच्या तिकडची तंदुरी रोटी नको. स्वेटर किती आणू ते कळव.

अरुणाआत्या


मानक नगर, लखनऊ
१७ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या सुखरूप आहे. तुम्ही फोनवर कार्यक्रम कसा झाला विचारलंत आणि मी ‘चांगला’ म्हणाले. आत्या शेजारीच बसली होती. हे पत्र ही त्याचीच शिक्षा आहे.

आठ तारखेला मोठ्या ताटात पनीरची लादी ठेवली होती. बायकांनी एकेक वाकलेली सुई टोचून नमस्कार केला. पंढरीनाथकाकांनी कंपासचं मोडलेलं टोक आणलं आणि हे चालेल का म्हणून मला विचारायला लावलं. मोरिताबाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं.

मग आत्या गोधडीपाशी बसली. गूळपोळीचा घास तिने आत सारला. लखनऊची गोधडी आहे तर गोडही इथलंच पाहिजे, म्हणून शिवांगी मॅडमनी दोन रेवड्या सारल्या. आत्याने चालेल म्हटलं. सुईत दोरा जाईना, तो मी ओवून दिला. तिचा हात कापत होता. सगळ्या जणी बघत होत्या, हाताकडेच. टाके वर-खाली पडले. कोपरा बंद झाला. घरी आल्याबरोबर आत्याने सुई डबीत बंद करून ठेवली, आणि मला वाटलं की मी तिला उगाच आणलं.

खरी गोष्ट नंतरच्या शनिवारची आहे. समारोप झाला तरी वर्ग चालूच आहे, मोरिताबाई अजून इथेच आहेत. कुणाकुणाच्या घरच्या बाळांसाठी दुपटी शिवायचं बायकांनी ठरवलं. मी बळेच आत्याला नेलं. तिने पहिली ओळ घालून दाखवली आणि काकांशी फलटणच्या पेढ्यांवर बोलत बसली. मी चहाचं बघून परत आले तर वर्गातल्या प्रत्येक दुपट्यावर टाके वर-खाली. जिथे आत्याचा टाका वर, तिथे सगळ्यांचा वर. जिथे खाली, तिथे खाली. सर्वांत हुबेहूब मोरिताबाईंचे. त्या मला म्हणाल्या, त्यांच्याकडे प्रत्येक नक्षीला नाव असतं, लाटा, तागाचं पान वगैरे. या नक्षीचं नाव काय?

मी नाव रचू शकले असते. मी प्रश्न जसाच्या तसा आत्याला सांगितला.

आत्याने एकेक दुपटं हातात घेऊन पाहिलं. मग ती हसायला लागली. पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कशीबशी म्हणाली, बाईंना सांग, ही नक्षी नाही, हा माझ्या हाताचा कंप आहे. तेही मी जसंच्या तसं सांगितलं. मोरिताबाई स्वतःच्या टाक्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की इथे शिकलेली सर्वांत अवघड ओळ हीच होती. शिवांगी मॅडमनी हाय राम, पूरी लाइन बना दी म्हणून कपाळावर हात मारला, आणि हॉलभर हशा झाला.

हसून झाल्यावर आत्यातली शिक्षिका उठली. माझा वाकडा पडतो तो इलाज नाही म्हणून, तुमचे हात धडधाकट आहेत, उसवा सगळं, असं तिने मराठीतच फर्मावलं. भाषांतराची गरज पडली नाही. मोरिताबाईंनी मान खाली घालून उसवलं. शिवांगी मॅडमनी मात्र नकार दिला. त्या ते दुपटं कँटोन्मेंटमधल्या मैत्रिणींना ‘फलटण स्टाइल’ म्हणून दाखवणार आहेत. त्यांच्यापुढे आत्याचंही चाललं नाही.

तेव्हापासून आत्या रोज दुपारी गच्चीवर उन्हात स्वतःचं दुपटं घेऊन बसते. तिचे टाके जसे पडतात तसे पडतात. ते मी मोजलेले नाहीत. शनिवारचा वर्ग आता मोरिताबाई आणि ती मिळून घेणार आहेत, आणि दोघींच्या मध्ये मी बसणार.

तिचा निरोप असा, की वसुधाकाकूंना सांगून जुन्या सुती साड्या पार्सलने पाठवा. रेशमी नकोत. किती, ते मी विचारलं, म्हणजे तुम्हाला नक्की सांगता येईल. ती म्हणाली, पाठवत राहा.

तुमच्या लोभातली,
देविका