हिशेबात कूलर नव्हता

१३ मार्च ८८, रविवार
दादाने सदर भागातल्या मित्राकडून टीव्हीगेम आणला. एका दिवसासाठी, उसना. समोरच्या खोलीत लावला. कार्ट्रिज खोचलं, बटण दाबलं, खेळ सुरू. मधे थांबणं नाही.
खोली रिकामीच आहे. बाबांचा हातमाग विकल्यापासून फक्त पाय सोडायचा खड्डा उरला, त्यावर फळ्या, फळ्यांवर चटई. बाबा अजूनही फळ्यांवर पाय देत नाहीत, कडेने जातात.
दादाचा बेत: सुट्या लागल्या की इथे गेमची खोली काढायची. चालली तर तो घरी राहील. नाही तर सुरत. दादाची गिरणी बंद झाल्यापासून मामेभाऊ तिथल्या पॉवरलूमवर बोलावतो आहे. सुरतचं नाव निघालं तशी आई आत गेली.
दादा मला म्हणाला, "तू डिप्लोमावाली वं. हे घेऊ की कॉम्प्युटर? पक्कं सांग."
बुधवारपर्यंत वेळ मागितला.

१६ मार्च, बुधवार
सकाळी गच्चीवर बसून केलं. हवा छान होती.
टीव्हीगेम: यंत्र स्वस्त. पण प्रत्येक खेळ वेगळा विकत, आणि महाग. पोरं एका खेळाला पंधरा दिवसांत कंटाळणार. बिघडला तर सुटे भाग मिळत नाहीत.
कॉम्प्युटर: यंत्रच महाग. पण खेळ साध्या कॅसेटवर येतात. घरचा टेप चालतो. कॅसेट खराब झाली तर खराब झाली. बिघडला तर मी आहे.
पहिल्या वर्षी टीव्हीगेम स्वस्त. दुसऱ्या वर्षी सारखं. तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर खूप पुढे.
मला स्वतःला कॉम्प्युटर हवा आहे. ती इच्छा आकड्यांत कुठे शिरली का, पुन्हा तपासलं. शिरलेली नाही.
दादाने कागद नीट वाचला. "तीन वर्षं धरून चालली तू?"
हो म्हटलं.
"म्हणजे मी तीन वर्षं घरी."
तसा विचार करून तीन धरले नव्हते. असं वाटतं.

२ एप्रिल, शनिवार
आला. कॉम्प्युटर हातभर लांबीचा सुद्धा नाही, रबरी कळा, पाटीएवढा. टीव्ही रंगीत हवा म्हणून मी कामाला जाते त्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात कोणी टाकून परत न नेलेला सेट मालकांना मागून आणला. पिक्चर ट्यूब थोडी थकली आहे, निळा जास्त येतो. चालेल.
कॅसेट लावली. लोड व्हायला पाच मिनिटं. टेपमधून आधी एक लांब सूर, मग किरकिर. तोवर पडद्याच्या कडेने चौफेर पट्टे धावतात: आधी लाल आणि आकाशी, जाड. मग निळे-पिवळे, बारीक, थरथरणारे. मधे चित्र एकेक ओळ करून उमटतं.
खेळ सुरू झाल्यावर सगळे ओरडले. बाबा मात्र उठून गेले. पट्टे होते तोवर बसले होते.
नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाले, "ते किनार कोन विणून राहिलं होतं वं?"
कोणी नाही, म्हटलं. आवाज आहे तो. आवाजाचे रंग.
त्यांनी मान डोलावली, जसं काही ते नेहमीचंच.

१७ एप्रिल, रविवार
शाळा सुटल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. दादा दारात उभा राहून नंबर लावतो, एरवी घरात ऐकू न येणारा त्याचा आवाज, मिलच्या गेटवर मित्रांत असायचा तोच. कोणाला "साहेब", कोणाला "हिरो". पोरं खूष.
लोड होताना पोरं चूप बसतात. बाबाही येऊन बसतात, भिंतीला टेकून. खेळ लागला की जातात. पुन्हा लोड, पुन्हा येतात. दिवसभर असं.
आई आज जेवताना गाणं गुणगुणत होती. खूप दिवसांनी.

२६ एप्रिल, मंगळवार
कूलर बाहेर काढला. नवा वाळा लावला, पंपाला तेल दिलं, खिडकीत बसवला. घरभर ओल्या वाळ्याचा वास. डोळे मिटले तर घर नदीकाठी आहे.
संध्याकाळी दादा मला दुकानातून न्यायला आला, हे पहिल्यांदा. कॅसेट लोड होत नाही म्हणाला, सकाळपासून एकही नाही.
घरी येऊन पाहिलं. किनार धावते, धावते, मधेच तुटते. पडद्यावर येतं, टेप लोडिंग एरर. टेपचं हेड पुसलं, कॅसेट बदलली. तेच. मग कूलर बंद केला. लोड झाला. सुरू केला. तुटला.
कूलरच्या मोटरचा झटका विजेच्या लाइनमधून येतो. साधी गोष्ट. दुकानात रोज बघते, मिक्सर लावला की शेजाऱ्याच्या टीव्हीवर ठिपके.

४ मे, बुधवार
कूलर बंद ठेवून लोड, मग कूलर सुरू. पण पोरांना दर थोड्या वेळाने दुसरा खेळ हवा. म्हणजे पुन्हा बंद. खोली थंड होतच नाही. या खोलीवरचे पत्रे तापलेले, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ. पोरं घामाघूम, टेपची किरकिर, आणि सगळं हलल्यासारखं दिसतं, भिंतीसुद्धा.
मागच्या गल्लीत किराणावाल्याच्या मुलाने टीव्हीगेम लावला आहे. कूलर अखंड सुरू. बटण दाबा, खेळा. आपली अर्धी पोरं तिकडे.
दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं. म्हणाला, "तुह्या हिशेबात सगळंच होतं वं. कूलर नव्हता."
खरं आहे. जन्म इथला. वाळा, पंप, माठ, ओली चादर, सगळं माहीत. हिशेब मार्चमध्ये केला, गच्चीवर, चांगल्या हवेत.

१० मे, मंगळवार
कॉम्प्युटरसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढली. झटका अडवायला चोकची तार गुंडाळून फिल्टर केला, कपॅसिटर घातले. सुधारणा आहे. आता चारदा लावलं तर दोनदा लागतो. पोरांना दोनदा पुरत नाही.
दादा दुपारी दारात बसतो. नंबर लावायला कोणी नाही.

१५ मे, रविवार
दुपारी लाइट गेली. सगळे जिथे होते तिथे आडवे. मी जागी झाले तर बाबा समोरच्या खोलीत. चटई गुंडाळलेली, फळ्या भिंतीला उभ्या, आणि ते खड्ड्याच्या काठावर बसलेले, पाय आत सोडून. जसे मागावर बसायचे. हातात काही नाही.
"खाली गार आहे," म्हणाले. "मले माहीतच होतं, विसरून गेलो होतो."
मी पाय सोडले. खरंच गार. माती ओलसर, अंगभर थंडावा वर चढतो. बाबांनी आतमध्ये तांब्याभर पाणी शिंपडलं. दोघं तसेच बसलो. त्यांनी एवढी वर्षं घरातल्या सगळ्यात गार जागी काम केलं, आणि मला ती फक्त काळोखी वाटायची.
लाइट आली तेव्हा मी टीव्ही, टेप, कॉम्प्युटर सगळं काठाला आणलं. कूलर बंद.

१८ मे, बुधवार
चार पोरं काठावर, पाय आत. त्याहून जास्त मावत नाहीत. आत पाण्याने भिजवलेलं पोतं टाकतो. एकाने दुसऱ्याचा पाय खाली ओढला, रडारड. पण कूलरशिवाय बसली, आणि दर वेळी लोड झाला.
किराणावाल्याचा मुलगा येऊन बघून गेला. त्यानेही पाय सोडून पाहिले.
दादा हसला. मग हिशेब सांगितला: चार पोरांत घर चालत नाही.
नाही चालत. मीही तेवढं आधीच केलं होतं, सांगितलं नव्हतं.

२३ मे, सोमवार
सकाळी ड्यूटीच्या आधी तासभर मिळतो. एक खेळ लिहिते आहे, माझा. मागावरचा धोटा डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे. मधेच कुठेतरी धागा तुटतो, तो धोटा यायच्या आत जोडायचा. जोडला की एक ओळ विणली जाते. बाकी काही नाही. जिंकणं नाही, नुसती साडी लांब होत जाते.
बाबांनी विचारलं काय करून राहिली. काम आहे, म्हटलं.
धोट्याचा वेग बरोबर येत नाही. डोळे मिटून माग ऐकायचा प्रयत्न करते. ठक्, ठक्. ऐकू येतो, पण मोजायला गेलं की थांबतो.

३१ मे, मंगळवार
दादा रविवारी जाणार. सुरतेचं पक्कं झालं. जेवताना सांगितलं, सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आई वाढत राहिली. बाबांनी विचारलं, तिथे माग कसा असतो. "तुमच्यासारखा नाही बाबा. बटण दाबलं की चालू."
मशीन विकू का, मी विचारलं. पैसे त्याचेही आहेत.
"राहू दे तुले. तीन वर्षांनी येतो. तवा स्वस्त पडलं असन."
टोमणा नव्हता. तो ते खरंच धरून बोलत होता.
नको जाऊ, असं वाक्य आमच्या घरात कोणी कोणाला बोलत नाही. मी तर नाहीच.

४ जून, शनिवार
खेळ झाला. धोट्याचा वेग शेवटी बाबांच्या बोटांवरून घेतला. झोपेत त्यांची बोटं चादरीवर हलतात, त्यांना माहीत नाही. कॅसेटवर उतरवला. तपासला, लोड होतो.

५ जून, रविवार
दुपार. दादाची पिशवी दारात. आईने चिवडा, लाडू, लोणचं बांधलं, मग पुन्हा सोडून काहीतरी आणखी घातलं. रिक्षा सांगितलेली.
मी म्हटलं, जायच्या आधी एक बघून जा. त्याने घड्याळ पाहिलं. किती वेळ, विचारलं. पाच मिनिटं, लोड व्हायला.
त्याने आजवर एकदाही लोड पूर्ण बघितलेला नाही. पट्टे लागले की बाहेर जाऊन उभा राहायचा.
आई उठली आणि तिने कूलर बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं. पंख्याचं पातं हळूहळू थांबलं आणि घरात एकदम ऐकू यायला लागलं, सगळ्यांचं श्वास घेणं सुद्धा.
टेप सुरू केला. लांब सूर. लाल-आकाशी.
मी वही घेऊन बसले आहे, कारण पडद्याकडे बघवत नाही. एरर आली तर ती बघायची नाही. खेळ कशाचा आहे ते त्याला सांगितलेलं नाही.
बाबा काठावर, पाय आत. दादा अजून उभा.
बाहेर रिक्षावाला घंटी वाजवतो आहे. एकदा. पुन्हा.
किरकिर लागली, म्हणजे निळे-पिवळे सुरू झाले.
बाबांनी न बघता थोडं सरकून जागा केली. दादाने चपला काढल्या, बसला, पाय खाली सोडले.
"थांब गा," दाराकडे मान वळवून म्हणाला, "लोड होऊन राहिलं."