लंगडीचा दुसरा डोस

मी खाली सही करणारा, वय चोवीस, शाळा चौथीपर्यंत, काम रानमेंढ्या पकडण्याचं, हे स्वतःच्या मर्जीनं लिहितो. कावीळ डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. उद्या सकाळी पित्ताच्या नळीचं ऑपरेशन आहे. त्यातून उठलो तर हा कागद फाडावा, चौथं कलम तेवढं ठेवावं.

१. बँकेत आहे ते सगळं आईचं. आई, आधी ती दाढ काढून घे. "बघू पुढं" करू नकोस.

२. फोन ताईला. भाच्याचे फोटो आहेत त्यात, पुसू नयेत.

३. डोंगर चढायचे बूट दादाला. "तुझ्या पायाला भिंगरी, तू कुठं टिकणार?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. या कामावर तीन वर्षं टिकलो, हे बूट देताना मुद्दाम सांगावं. दादा, राग गेलाय. थोडा ठेवलाय.

४. हे कलम बाईंसाठी, म्हणजे आमच्या जनावरांच्या डॉक्टरांसाठी. रानमेंढ्यांच्या यकृतात चपटे किडे होतात. ओढ्याकाठचा पाला कच्चा खाऊन मलाही तेच झालेत. बाई निरोगी मेंढीला आणि किडेवालीला एकच औषध देतात, मग तासातासाला रक्त घेतात. निरोगीच्या अंगातून औषध संध्याकाळपर्यंत जातं. किडेवालीचं यकृत थकलेलं, तिच्या रक्तात ते दुसऱ्या दिवशीही असतं.

किडेवाल्यांत एक लंगडणारी मेंढी होती, तिला मी लंगडीच म्हणायचो. तिला दुसरा डोस तिसऱ्या दिवशी द्यायचा होता. ताई बाळंत झाली होती, तिच्याकडं जायची माझी रजेची गाडी तिसऱ्या दिवसाआधीच सुटणार होती. मी दुसऱ्या दिवशीच पाजला. तासाभरात तिनं माझ्या मांडीवर मान टाकली. मी तिला दरीत ढकललं आणि सांगितलं, "बाई, कड्यावरून घसरली." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे रे, तुझा काय दोष?" आणि तुमच्या नोंदींच्या वहीत तसंच लिहिलंत, कड्यावरून घसरली.

आता तुमचा तक्ता छापायला चाललाय. त्यात आहे की दुसऱ्या डोसानं एकही मेंढी दगावली नाही. दगावली. तो तक्ता वाचून कुणीतरी माझ्यासारखीच घाई करेल. वही दुरुस्त करा.

५. बाई साक्षीला आल्यात. बाई, आधी वरचं वाचा. मग सही नाही केलीत तरी चालेल.

ठिकाण: इस्पितळ, दुसरा मजला, खाट नऊ
दिनांक: अकरा नोव्हेंबर
सही: (केली आहे, हाताला सलाइन आहे म्हणून वाकडी)

साक्षीदार पहिली: वॉर्डातली नर्स. माझ्यासमोर लिहिलं.

साक्षीदार दुसरी: जनावरांची डॉक्टर. चौथं कलम वाचलं. छपाई थांबवायला सांगितली आहे. तोंडावर सांगायचं होतंस रे. वहीतली ती ओळ मी खोडणार नाही. उठून ये, तुझ्या हातानं खोड.