तीन वाजताचं बोट

११ नोव्हेंबर, सोमवार
आजही शहाण्णव! सलग सहावा दिवस. निरंजनने तीन वाजता मला शाळेत फोटो पाठवला — बोटाला ऑक्सिमीटर, खाली "बघ, ठणठणीत." मी नेहमीसारखा वर्षालीला कोल्हापूरला पुढे पाठवला. लेकीची परीक्षा तोंडावर आहे.
संध्याकाळी घरी आले तर त्याचे ओठ निळसर, पाय सुजलेले. आकडा खरा की ओठ?

१२ नोव्हेंबर
चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे. निरंजनने चाकणच्या कारखान्यात बावीस वर्षं ओतकामाच्या वाळूत काढली, फुप्फुसं तिथेच गेली — हे माहीत होतं. आज त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर रक्तवाहिनी काढून दाखवली. "प्राणवायू कमी पडला की बाकी शरीरात रक्तवाहिन्या सैल होतात. फुप्फुसात उलटं. आतल्या अस्तराच्या पेशी शेजारच्या स्नायुपेशींना निरोप धाडतात — आवळा! रोज तोच निरोप गेला की त्या वाढत जातात, भिंत जाड होते. मग निरोप थांबला तरी भिंत जाडच. हृदय ढकलून ढकलून दमतं." म्हणून रोज सोळा तास प्राणवायूची नळी हवीच.
"लावता ना?"
"हो तर," निरंजन म्हणाला. माझ्याकडे न बघता.
तिथे नळी लावून आकडा बरा आला; रोजचे फोटो पाहून त्यांनी औषध आहे तेवढंच ठेवलं.

१४ नोव्हेंबर
फोटो मोठा करून पाहिला. नख सपाट, गुलाबी! निरंजनची नखं या आजारात वर्षभरात पोपटाच्या चोचीसारखी वाकलीत. मग हे बोट कुणाचं? तीन वाजता माझ्या घरी कोण येतं?
लिहायला लाज वाटते, पण आधी मनात बाईच आली.

१५ नोव्हेंबर
नखाच्या कडेला तंबाखूचा डाग. बाई नव्हे. हलकं वाटलं — आणि हलकं वाटल्याची चीड आली.

१८ नोव्हेंबर
अर्धी रजा टाकली. अडीचला घराखालच्या मोशीच्या स्टॉपजवळ टपरीआड उभी राहिले, चोरासारखी. निरंजन खाली आला. नळी नाही. इस्त्रीचा शर्ट! त्याच्या जुन्या कंपनीची दुसऱ्या शिफ्टची बस थांबली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "काय भावा, कधी येतोस?"
"येतो की राव, पुढच्या महिन्यात!"
बस गेली आणि तो कठड्यावर बसला. उठवेना. आमचे घरमालक रंगराव त्याला काखेत धरून जिना चढवायला लागले. मी पुढे झाले.
"बाई, मी न्हाई म्हनलो व्हतो," रंगराव म्हणाले. "ह्यो म्हनतो, आकडा पडला की ती वर्ग सोडून पळत येतीया. मग लावलं माझंच बोट. तंबाखू खानाऱ्याचं शहाण्णव, बगा!"
निरंजन एवढंच म्हणाला, "बसमधल्यांसमोर नळी नको गं. तेवढा अर्धा तास."
ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला. एकोणऐंशी.
भांडायचं सगळं तोंडात तयार होतं. नळी लावली. शर्टाची वरची गुंडी सोडली.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंना फोनवर सगळं खरं सांगितलं. "आजच भरती करा." रंगराव गाडी काढताना रडले.
निरंजनला म्हटलं, यापुढे खोटा आकडा नाही. कुणालाच नाही. त्याने मान हलवली.

२१ नोव्हेंबर
दवाखान्यात नळीसकट ब्याऐंशी. वर्षालीचा मेसेज — "पेपरला आत जातेय. बाबांचा आकडा पाठव ना गं."
बांगड्या वर सरकवल्या. माझं बोट लावलं. अठ्ठ्याण्णव.
पाठवला.