धूळपाटी

गाझियाबाद, शनिवार, १९९६

सकाळी शेजारच्या बांधकामावरून मूठभर वाळू आणली, चहाच्या गाळणीने चाळून ताटात पसरली. "अहो, आता चहा तुमच्या सोवळ्यातून गाळू का?" ही म्हणाली.

गावच्या शाळेत गुरुजींनी माझं बोट धरून अशाच ताटातल्या धुळीत श्री गिरवून घेतला होता. ती मऊ धूळ बोटाला अजून आठवते.

आमची मुक्ता शाळेच्या धास्तीने दोन महिने घरीच शिकते आहे. तिला परत पाठवायचं का, हे मला ठरवता येईना. आज जेवणानंतर ती कितीतरी वेळ वाळूत लिहीत होती. चुकलं की तळव्याने सारखं करायची.

"बाबा, इथे लाल पेन चालतच नाही ना?"

मी कशाची वाट बघत होतो? शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत जाऊन तिचं नाव काढून आलो.