एक्केचाळीस बटणांची नावे

दिनांक : २४, मंगळवार, सकाळी साडेअकरा

प्रति,
मा. संगणक विभागप्रमुख,
सार्वजनिक ग्रंथालय, तिसरा मजला.

विषय : ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आज दुपारपर्यंत परत बसवून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे दि. ३ व दि. १२ चे अर्ज, आपले दि. १७ चे उत्तर.

महोदय,

१. मी बोलक्या पुस्तकांच्या विभागात अकरा वर्षे ध्वनिसंपादक आहे. मला दिसत नाही. उजव्या कानाने मी ध्वनिमुद्रण ऐकते, डाव्या कानात स्क्रीन रीडर पडद्यावरचे वाचून सांगतो. दि. १ रोजी आपण नवी आवृत्ती बसवलीत. तिच्या बटणांवर चित्रे आहेत, नावे नाहीत. त्यामुळे स्क्रीन रीडर मला ‘बटण’ एवढेच सांगतो. पुढे सरकले की पुन्हा ‘बटण’. अशी एक्केचाळीस आहेत.

२. आपल्या साहाय्यकांनी फोनवर मला ‘वरचं निळं दाबा’ असा सल्ला दिला. मी आभार मानले.

३. त्यानंतर मी बटणे मोजून काम करू लागले. सतरावे बटण आवाज कापायचे. परंतु पडद्यावर एखादी सूचना उगवली की मोजणी एकाने घसरते. दि. १० रोजी सतरावे समजून मी भलतेच दाबले आणि आमच्यासाठी पुस्तके वाचून देणाऱ्या वाचक बाई दुप्पट वेगाने गोष्ट सांगत सुटल्या. ते निस्तरण्यात दिवस गेला.

४. आपले उत्तर कागदाचा फोटो काढून पाठवलेले असल्याने स्क्रीन रीडरने ‘चित्र’ म्हणून हात वर केले. शिपाईमामांनी ते वाचून दाखवले : ‘तपासणी केली असता अडचण दिसून आली नाही. बटणांची नावे सांगण्यास मनुष्यबळ उपलब्ध नाही.’ मामा म्हणाले, “ताई, सही मात्र झोकदार आहे.”

५. आता घाईचे कारण. वरील वाचक बाई निवृत्त शिक्षिका आहेत. गुरुवारी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया आहे आणि नंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांच्या शेवटच्या पुस्तकाची चार प्रकरणे तपासायची राहिली आहेत. वाचताना चूक झाली की बाई एक टाळी वाजवतात आणि ते वाक्य पुन्हा वाचतात. जुन्या आवृत्तीत मी एका कळीने टाळीवरून टाळीवर जात असे. परंतु ज्या चुका त्यांच्याही ध्यानात आल्या नाहीत, त्या मी शोधायच्या आणि त्यांनी पुन्हा वाचायच्या. त्यासाठी बाई उद्या चार वाजता येणार आहेत. परवा आपण मंजुरी दिलीत तर वाचणार कोण?

६. काल बाई सहज डोकावल्या. मला रडू आवरले नाही. त्या म्हणाल्या, “सरक पोरी, मला दिसतंय ना.” डॉक्टरांनी बोलणे बंद ठेवायला सांगितले असताना त्यांनी दोन तास बसून, एकेका बटणावर माउसचा बाण नेऊन, उमटेल ते नाव क्रमवार वाचले आणि ध्वनिमुद्रित करून दिले. आपल्याकडे जे मनुष्यबळ नव्हते, ते हे. मला याची लाज वाटते, आणि खरे सांगायचे तर आपला रागही येतो.

७. त्या यादीवर मी काल संध्याकाळी अर्धे प्रकरण सुरळीत तपासले. आज सकाळी आपण आवृत्ती पुन्हा सुधारलीत. बटणे आता त्रेचाळीस आहेत आणि क्रम बदलला आहे.

८. तरी आज दोनपर्यंत जुनी आवृत्ती बसवावी. चारही प्रकरणे मी उद्या दुपारच्या आत तपासून ठेवीन, हा माझा शब्द. ते जमणार नसेल, तर आपण स्वतः खाली येऊन माझ्या शेजारी बसावे व बटणे वाचावीत. खुर्ची मी पुसून ठेवली आहे.

जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसलेली,
ध्वनिसंपादक,
बोलकी पुस्तके विभाग, तळमजला

सोबत :
१. आधीच्या दोन्ही अर्जांच्या प्रती.
२. बाईंच्या आवाजातील एक्केचाळीस नावांचे ध्वनिमुद्रण. आता निरुपयोगी, तरी कृपया शेवटपर्यंत ऐकावे. सतराव्या बटणाशी बाई चुकल्या, त्यांनी टाळी वाजवली आणि नाव पुन्हा वाचले. ती टाळी मी कापलेली नाही.